‘मॉर्गेज’मध्ये मरतं कोण?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देतो.

वय ४४. एमआयडीसीत छोटं वर्कशॉप, दोन लेथ, एक मिलिंग, चार माणसं कामाला. सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन घ्यायचं आहे, वीस लाख कमी पडतात. बँक राहत्या घरावर ‘मॉर्गेज लोन’ द्यायला तयार आहे. घर वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या नावावर. १९८६ साली त्यांनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं. अण्णा आधी तयार होते. मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरला: ‘मॉर्गेज हा फ्रेंच शब्द आहे. अर्थ: मृत्यूची प्रतिज्ञा. मरेपर्यंत फेडत राहा!’ अण्णांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “ज्याच्या नावातच मरण आहे त्या कागदावर मी सही करणार नाही. आबांची सव्वा एकर अशीच गेली.” वाचक विचारतात: शब्दाचा अर्थ खरंच असा आहे का? अण्णांची ही अंधश्रद्धा कशी घालवू? पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: ओळखीतला एक जण बँकेची भानगड न करता वीस लाख द्यायला तयार आहे, तो फक्त घराचं खरेदीखत करून मागतो, दोन वर्षांत पैसे परत केले की घर पुन्हा अण्णांच्या नावावर. ते घेऊ का?

नमस्कार.

तुमच्या पत्रात ज्या ओळीला सगळ्यात कमी जागा मिळाली आहे तिनेच माझी झोप उडवली. तिच्याकडे येतोच. पण आधी शब्दाचं बघू, कारण अण्णा शब्दापाशी अडलेत. मला विचाराल तर ते अडले हे बरंच झालं, फक्त चुकीच्या शब्दापाशी अडलेत.

तो मजकूर अर्धा खरा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मॉर्ट’ म्हणजे मेलेलं आणि ‘गेज’ म्हणजे तारण. त्यांचं ‘मॉर्ट’ आणि आपलं ‘मरण’ हे तर लांबचे भाऊबंदच, मूळ धातू एकच. मग ‘प्रतिज्ञा’ कुठून आली? ‘गेज’चा इंग्रजी अर्थ ‘प्लेज’ असा देतात, आणि मजकूर लिहिणाऱ्याला प्लेज म्हटल्यावर शाळेतली ‘भारत माझा देश आहे’ आठवली असणार. बँकेत प्लेज म्हणजे गहाण टाकलेली वस्तू. काउंटरवर वजनकाट्यात ठेवलेली बांगडी हे प्लेज. तेव्हा मृत्यूची प्रतिज्ञा वगैरे काही नाही. ‘मेलेलं तारण’ एवढाच अर्थ. मेलेलं आहे ते तारण. माणूस नाही. आणि हाच ‘गेज’ एंगेजमेंटमध्येही बसलेला आहे, साखरपुड्याच्या पत्रिकेवर आपण तो सोनेरी अक्षरात छापतो. (तिथेही घाबरायला हवं असं म्हणणारे भेटतात, तो विषय वेगळा.)

आता तारण मेलेलं का म्हणायचं? याची जुनी उत्तरं दोन आहेत, आणि पहिलं अण्णांना तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा लवकर कळेल.

बाराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात कायद्याचा एक लॅटिन ग्रंथ झाला, तो ग्लॅनव्हिल या राजाच्या मुख्य न्यायाधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. त्या काळी शेत गहाण टाकलं की ते सावकाराच्या ताब्यात जायचं. पीक तोच काढायचा. प्रश्न असा की पिकाचे पैसे कुठे जमा धरायचे? ते मुद्दलातून वजा होत असतील, म्हणजे शेत राबून स्वतःचं कर्ज स्वतः फेडत असेल, तर ते जिवंत गहाण. पीक सावकाराच्या घशात आणि मुद्दल जागच्या जागी, तर ते मेलेलं गहाण, मॉर्ट गेज. चर्चच्या लेखी व्याज घेणं पाप, त्यामुळे त्या ग्रंथातही या दुसऱ्या प्रकाराला व्याजखोरीच म्हटलं आहे. अण्णांना एवढंच सांगा: “ताबेगहाण, उत्पन्न व्याजात.” त्यांच्या पिढीने हे शब्द चावडीवर ऐकलेले आहेत. आठशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातलं सातारा जिल्ह्यात समजायला याहून जास्त काही लागणार नाही.

दुसरं उत्तर पंधराव्या शतकातल्या लिटलटनचं, ते १६२८ साली एडवर्ड कोक या इंग्रज कायदेपंडिताने आपल्या ग्रंथात दिलं. तो म्हणतो, कर्जदाराने पैसे दिले नाहीत तर जमीन त्याच्यापुरती मेली, आणि दिले तर सावकाराचा तिच्यावरचा हक्क मेला. काहीही झालं तरी कुणाचं तरी काहीतरी मरणारच. शब्दाच्या इतिहासाच्या दृष्टीने हे उत्तर मागाहून जुळवलेलं आहे, पण मला ते आवडतं. अण्णांना त्याचा एकच अर्धा भाग कळवला गेला. दुसऱ्या अर्ध्या भागात मरतो तो सावकाराचा हक्क.

(जाता जाता: बँकेतला शिपाई ‘मोरगेज’ म्हणतो म्हणून हसू नका. जुन्या इंग्रजीतही लोक मधल्या ‘टी’शिवायच लिहीत. ‘टी’ नंतर पंडितांनी लॅटिनकडे बघून घुसवला, आणि तो आजही कुणी उच्चारत नाही.)

आपला शब्द पाहा. गहाण हा ‘ग्रहण’मधून आला, म्हणजे धरून ठेवलेलं. आणि तारण? तारतं ते तारण. एकाच कागदाला त्यांनी मेलेलं म्हटलं, आपण तारणारं म्हटलं. आबांची सव्वा एकर मात्र आपल्याच भाषेत गेली, फ्रेंचमध्ये नाही. म्हणून शब्दाच्या अर्थावरून कागदाचा स्वभाव ओळखता येत नाही, तो अटींवरून ओळखायचा.

म्हणूनच ‘अंधश्रद्धा’ हा तुमचा शब्द मला खटकला. अण्णांना भीती फ्रेंचची वाटते असं तुम्ही धरून चाललात. त्यांच्या वाक्याचा दुसरा भाग पुन्हा वाचा. ते आबांच्या सव्वा एकराबद्दल बोलतायत. मजकुराने त्यांना फक्त निमित्त दिलं. तुम्ही शब्दाची व्युत्पत्ती समजावून सांगाल, ते मान हलवतील, आणि सही तरीही करणार नाहीत.

त्यापेक्षा त्यांच्याजवळ बसून विचारा, आबांनी नेमका कोणता कागद केला होता? मी बँकेत तीस वर्षं काढली. ‘गहाण टाकली आणि गेली’ अशा गोष्टी शेकड्याने ऐकल्या, आणि जिथे जिथे जुना दस्त पाहायला मिळाला तिथे बऱ्याचदा वर ‘गहाणखत’ लिहिलेलंच नसायचं. लिहिलेलं असायचं ‘मुदत खरेदी’. अमुक वर्षांत पैसे दिले तर जमीन परत, नाहीतर खरेदी कायम. आपल्याकडे याला जुना शब्दही आहे, गहाण-लहाण: मुदत टळली की गहाण टाकलेलं सावकाराला ‘लाहायचं’, म्हणजे लाभायचं.

नेमक्या याच गोष्टीविरुद्ध कायदा साडेतीनशे-चारशे वर्षं भांडत आला आहे. इंग्लंडातही कोकच्या काळी तारीख चुकली की जमीन गेली असाच कडक हिशेब होता. सतराव्या शतकात तिथल्या ‘इक्विटी’च्या, म्हणजे अक्षरापेक्षा न्याय पाहणाऱ्या, कोर्टांनी तो मोडायला सुरुवात केली: तारीख गेली तर गेली, मुद्दल-व्याज-खर्च घेऊन या, जमीन सोडवून न्या. त्यातून ‘एकदा गहाण ते कायम गहाण’ हा दंडक रुजला. गहाणाचं कोणत्याही युक्तीने खरेदीत रूपांतर करायचं नाही. मुंबई हायकोर्टाने १८६४ साली हाच न्याय आपल्या गहाण-लहाणाला लावला. तरी खेड्यात व्हायचं ते होतच राहिलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ओढून काढून जाळले आणि ते लोण आजूबाजूच्या गावांत पसरलं. दुकानं लुटण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता, हे लक्षात घ्या. त्यांचं भांडण कागदाशी होतं. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो सुरुवातीला ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यात तुमचा सातारा होता. कोर्टाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब उकरण्याचा अधिकार त्याने दिला. पाठोपाठ १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आला. त्याच्या कलम ६० मध्ये गहाण सोडवून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे, आणि तो आजही तसाच चालू आहे.

म्हणजे आज जिथे ‘मॉर्गेज’ किंवा ‘गहाण’ हा शब्द कागदावर असतो तिथे हा सोडवण्याचा हक्क त्याच्याबरोबर येतो. तो शब्द तुमच्या बाजूने उभा असतो. जिथे तो शब्द मुद्दाम टाळलेला असतो, तिथे घाबरायचं.

आता त्या ओळखीच्या माणसाकडे या.

बँकेत असताना एक गृहस्थ घरावर कर्ज मागायला आले होते. फाइल नीट लावलेली, घरपट्टीच्या पावत्या सालवार. प्रॉपर्टी कार्ड उघडलं तर धारकाच्या रकान्यात दुसऱ्याचंच नाव. मी विचारलं, हे कोण? “ते नावापुरतंच आहे साहेब. त्यांच्याकडून पैसे घेतले होते, ते फेडलेत. मी तिथेच राहतो, वीजबिल माझ्याच नावावर येतं.” परत नावावर करून देण्याचा एक साधा स्टॅम्पपेपर त्यांच्या खिशात होता, चार घड्या घातलेला. मी त्यांना कर्ज देऊ शकलो नाही. ते घर त्यांचं राहिलंच नव्हतं.

तुमच्यासमोर तोच कागद आहे. १९२९ च्या दुरुस्तीनंतर त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५८ सरळ सांगतं: पैसे परत केल्यावर मालमत्ता परत, ही अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण धरला जाणार नाही. वेगळ्या स्टॅम्पपेपरवरचा करार, तोंडी शब्द, देवळात घेतलेली शपथ, काहीही असो. अट त्याच दस्तात आली तरी कोर्टात ‘हे गहाणच होतं’ हे सिद्ध करायचं ओझं तुमच्याच डोक्यावर, आणि तोवर दहा वर्षं गेलेली. पुन्हा मुद्रांक शुल्क जाताना एकदा, येताना एकदा. आणि तो गृहस्थ मधल्या काळात वारला तर त्याच्या वारसांना तुमच्या दोन वर्षांच्या शब्दाशी काय देणंघेणं? विनापरवाना सावकारीत अशी बळकावलेली मालमत्ता परत मिळवून देण्याची तरतूद महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात आहे, कलम १८, तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे. ज्यांचं आधीच असं झालं आहे अशा वाचकांनी तो रस्ता जरूर धरावा. पण खाली जाळी आहे म्हणून कुणी गच्चीवरून उडी मारत नाही.

बँकेच्या कर्जाबद्दलही माझा तुम्हाला एक प्रश्न आहे. घर मुळात मध्ये का आलं?

तुम्हाला मशीन घ्यायचंय. मशीनसाठीचं मुदत कर्ज हे त्या मशीनच्याच नजरगहाणावर मिळतं: वस्तू तुमच्याकडे, हक्क बँकेचा. उरलेल्या जोखमीसाठी सूक्ष्म-लघु उद्योगांची पतहमी योजना २००० सालापासून आहे, तिच्यात हमी शुल्क भरलं की घरदार तारण न देता कर्ज बसतं. निदान १० लाखांपर्यंत तर अशा उद्योगांकडून तारण मागूच नये असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०१० साली घातला; आजची मर्यादा बँकेत विचारा. मग बँकेने घर का मागितलं? कारण घर हे बँकेला सगळ्यात सोपं पडतं. मी स्वतः मागितलेलं आहे, म्हणून सांगतो. उद्यम नोंदणीचा दाखला, तीन वर्षांची विवरणपत्रं, मशीनचं कोटेशन आणि ज्यांचं काम मिळणार त्यांच्या ऑर्डरी घेऊन मॅनेजरला विचारा, हे कर्ज पतहमीत बसतं का. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. आणि आणखी दोन बँका फिरा. व्याज थोडं जास्त पडलं तरी अण्णांचं छप्पर मध्ये न आणता काम होत असेल तर मी तेच करीन.

तेही जमलं नाही आणि घरच द्यावं लागलं, तर डोळे उघडे ठेवून द्या. २० लाख, साडेनऊ टक्के, पंधरा वर्षं धरली तर हप्ता सुमारे २०,८८४ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले १५,८३३ व्याजात जातात, मुद्दलाला जेमतेम ५,०५१. मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला पावणेआठ वर्षं लागतात. बँकेकडून हा तक्ता छापून घ्या. त्याला ‘अमॉर्टायझेशन शेड्यूल’ म्हणतात, आणि त्या लांबलचक शब्दाच्या पोटातही तोच ‘मॉर्ट’ आहे: कर्ज हळूहळू मारत नेणं. अण्णांना तो तक्ता दाखवा. मरणाचं वेळापत्रक असतं आणि ते कर्जाचं असतं, हे त्यांना बोलण्यापेक्षा आकड्यांतून पटेल. सीएनसी मशीन पंधरा वर्षं चालेल का, हा प्रश्न मात्र तुमचा. मशीनच्या आयुष्यापेक्षा कर्ज लांब नको. सात वर्षांत बसवता आलं तर बसवा.

बँकेत काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. घर फक्त याच कर्जापुरतं तारण आहे, की पुढे तुम्ही घ्याल त्या सगळ्या कर्जांना? छापील कागदात हे दुसरं वाक्य बारीक अक्षरात असतं, आणि मग मुदत कर्ज फिटलं तरी कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) चालू आहे म्हणून घर सुटत नाही. कागद बँकेत ठेवून गहाण होणार असेल तर मूळ खरेदीखत, बांधकाम परवाना, काय काय दिलं त्याची सही-शिक्क्याची यादी घ्या. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून वैयक्तिक कर्जांना आहे; धंद्याच्या कर्जाला तोच लागतो का, हे बँकेत विचारून घ्या. मात्र कागद परत आले म्हणजे काम संपलं असं समजू नका. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात किंवा प्रॉपर्टी कार्डावर चढलेला बोजा बँकेचा दाखला देऊन कमी करून घ्यावा लागतो. वीस वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचे बोजे अजून उताऱ्यावर नांदताना मी पाहिलेत.

आणि वाईटात वाईट काय, तेही अण्णांपासून लपवू नका. ९० दिवस हप्ते थकले की खातं थकीत धरतात, मग ६० दिवसांची नोटीस, मग ताबा आणि लिलाव. कोर्टात न जाता बँक हे करू शकते. लिलावाची जाहीर नोटीस निघेपर्यंत सगळी बाकी भरली तर घर सुटतं, नंतर नाही. हे ऐकूनही ते ‘हो’ म्हणाले तर त्या होकाराला किंमत आहे. ‘नाही’ म्हणाले तर घर त्यांचं आहे, आणि तो नकार पुरा समजून-उमजून दिलेला आहे.

तुमच्या पत्रात एका ठिकाणी ‘ताई रक्षाबंधनाला आली होती तेव्हा’ असं आहे. बाकी पत्रात ताई कुठेच नाही. घर अण्णांचं स्वकष्टार्जित आहे, कायद्याने त्यांना तिची सही लागणार नाही. पण वीस लाखांचा बोजा घरावर चढतोय हे तिला उताऱ्यावरून कळू नये, तुमच्याकडून कळावं. आणि कर्जाएवढ्या रकमेचा मुदत विमा तुमच्या नावाने काढा, अण्णांच्या नव्हे. हप्ते तुम्ही भरणार आहात.

आबांच्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मिळते का बघा, निदान जुना फेरफार तरी तलाठ्याकडून काढा. जमीन परत मिळेल म्हणून नाही. अण्णांबरोबर बसून त्या कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचायला. गहाणखत निघालं तर माझा अंदाज चुकला. मुदत खरेदी निघाली, तर तुमच्या ओळखीचा माणूस काय मागतोय ते अण्णाच तुम्हाला सांगतील.

बँकेत सोमवारी गेलात तरी चालेल. त्या माणसाला मात्र आजच फोन करून नाही म्हणून सांगा.